आल्टेनरोडेचा दहावा माणूस

रहमिम दाविद झिराडकर हे नाव ऐकून जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढी आणि तो हमखास चुकीचा निघे. ब्राउनश्वाइगला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या श्रीपादनं पहिल्याच भेटीत "रहमिम म्हणजे आमच्या मिरजेकडचे मुसलमान का?" असं विचारून टाकलं. तो कामाला होता त्या, बीड ओतायच्या ओतशाळेतल्या कामगारांनी हा काही महाराजा नव्हे एवढी खात्री करून घेतली आणि त्याला नुसतं 'इंडर', म्हणजे हिंदुस्थानी, म्हणायला सुरुवात केली. घरमालकीण फ्राऊ वीशर्ट त्याला हिंदू समजे आणि गोमांसाचं सूप केलं की आपण होऊन त्याची बशी उचलून घेई. ते सूप त्याला चाललं नसतंच, पण त्याचं कारण निराळं होतं.

रहमिम बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू, आणि ज्यूंना त्यांच्या रीतीनं कापलेलंच मांस चालतं. अलिबागजवळच्या ज्या खेड्यातून तो आला तिथं त्याच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद राहत. त्याच्या वडलांनी घाणा सोडून सुतारकी धरली होती. दाविदमिस्त्रींची दारं पावसाळ्यातही फुगत नाहीत असं लोक सांगत. मुलगा बापाच्या वरताण निघाला. मुंबईच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करू लागला, आणि त्या कारखान्यानंच त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला शिकायला धाडलं. साल छप्पन. गाव आल्टेनरोडे, ब्राउनश्वाइगहून आगगाडीनं अर्ध्या तासावर. एक ओतशाळा, एक नदी, एक चर्च आणि रविवारी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही.

बोटीवर चढताना बाकीच्यांच्या बापांनी "थंडीचं जप, पत्र टाक" वगैरे सांगितलं. दाविदमिस्त्रींनी एकच विचारलं, "तिकडं आपली दहा माणसं आहेत का रे?"

हा प्रश्न ज्याला कळला नाही त्याला पुढची गोष्टही कळायची नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. ज्यूंची काही प्रार्थना एकट्यानं होते, पण मेलेल्या माणसासाठी मुलानं म्हणायचा कद्दीश एकट्यानं होत नाही. त्याला दहा बाप्ये लागतात. नऊ असले, नि ते नऊच्या नऊ साधुपुरुष असले, तरी चालत नाही. दहावा कसाही असो, पण हवा. आणि हा कद्दीश मुलगा बापासाठी अकरा महिने म्हणतो, त्याहून जास्त नाही; पुढं मग वर्षातून एकदा, मृत्यूच्या तिथीला, घरच्या माणसानं म्हणायचा.

दाविदमिस्त्री सत्तावन सालच्या नोव्हेंबरात वारले. तार आली तेव्हा त्यांना माती देऊन दोन दिवस झाले होते. रहमिम एकुलता एक मुलगा, बाकी बहिणी. म्हणजे कद्दीश म्हणायचा तो त्यानंच, आणि तो इथं.

तार खिशात घेऊन तो त्याच संध्याकाळी बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानाकडे गेला. त्या दुकानाच्या माडीवर गावातले उरलेसुरले ज्यू शनिवारी जमतात हे त्यानं ऐकून ठेवलं होतं. उरलेसुरले म्हणजे शब्दशः तसेच. लढाईआधी आल्टेनरोडेत दोनशे होते. त्यातलं कुणी परत आलं नाही. हे दहा बाप्ये नि चार बायका कुठून कुठून छावण्यांतून सुटून, इथल्या इस्पितळात पडून, मग कुठं जायचं ते न सुचून राहिलेले. त्यांचा पुढारी काल्मानोविच, पोलंडचा, धंद्यानं घड्याळजी, एका पायानं अधू. कोपऱ्यावरच्या त्याच्या दुकानात पन्नास घड्याळं टिकटिकत, आणि तो स्वतः दिवसात पन्नास शब्दही बोलत नसे.

"इंडिया?" काल्मानोविचनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इंडियात ज्यू?"

"दोन हजार वर्षांपासून," रहमिम म्हणाला.

"तुमच्या रब्बीचं पत्र आणा."

"आमच्यात रब्बी नसतो. प्रार्थना म्हणणारा हज्जान असतो, जमातीचा मुकादम असतो."

झालं. धर्मगुरूच नाही म्हटल्यावर घड्याळजीच्या कपाळावर आणखी दोन आठ्या चढल्या. थोडी प्रार्थना म्हणून दाखवा म्हणाला. रहमिमनं म्हटली. शब्द तेच, पण उच्चार आणि चाल कोकणातली, भजनाच्या अंगानं जाणारी. काल्मानोविचला ती ओळखीची वाटेना. शेवटी रहमिमनं घरून मुकादमाचं पत्र मागवलं. ते दोन महिन्यांनी आलं, आणि अस्सल मराठीत आलं! 'चिरंजीव रहमिम हा आमच्या जमातीतील असून सालस आहे' असं त्यात लिहिलेलं. आल्टेनरोडेत ते वाचू शकणारा माणूस एकच, आणि त्याच्याचबद्दल तर शंका. काल्मानोविचनं पत्र कुठल्याशा मोठ्या शहरातल्या मोठ्या रब्बींकडे पाठवलं. "वरून उत्तर आलं की कळवू," म्हणाला.

उत्तर येईना. रहमिम दर शुक्रवारी घड्याळांच्या दुकानासमोरून जाई. काल्मानोविच भिंगातून वर बघे, मान हलवी आणि परत घड्याळात डोकं खुपशी. महिने जात होते, आणि ते कुणाचेही महिने नव्हते, दाविदमिस्त्रींच्या अकरातले होते. असे सहा झाल्यावर रहमिमनं तो रस्ताच सोडला.

श्रीपाद रविवारी यायचा, बोलण्यात जर्मन शब्द पेरायचा, स्टोव्हवर पिठलं व्हायचं. त्याला हा सगळा प्रकारच कळत नसे.

"आल्झो, तू सरळ जाऊन बस ना तिथं! प्रेयरला काय पासपोर्ट चेक करणारेत? कोण हाकलतंय तुला?"

"न बोलावता जाऊ? आम्ही काय भिकारी आहोत?"

"जा जा, गेनाऊ! आणि मग वडलांसाठी रडत बस इथं एकटा. इगो की काय तो जप तुझा."

श्रीपादचं बरोबर होतं. पण बरोबर माणसाचं ऐकायचं नाही असा रहमिमचाच काय, साऱ्या कोकणाचा बाणा आहे. त्यानं पिठलं वाढायला घेतलं.

अठ्ठावन सालचा सप्टेंबर उजाडला. रहमिमनं पंचांग मांडून बघितलं. अकरा महिन्यांचा शेवटचा दिवस नेमका उपासाच्या दिवशी येत होता. वर्षभराच्या पापांची देवाकडे क्षमा मागायचा जो कडक उपास सगळ्या जगातले ज्यू योम किप्पुर म्हणून पाळतात, त्याला कोकणात दारफाळणीचा सण म्हणतात. दार फाळणं म्हणजे लावून घेणं. आदल्या संध्याकाळी अंघोळ करून, पांढरे कपडे घालून घरात शिरायचं, दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. परक्याशी बोलायचं नाही, परक्याला शिवायचं नाही. रहमिमच्या गावात हे सगळं जुन्या पद्धतीनं चाले, आणि ते दाविदमिस्त्रींच्या पडवीत चाले.

'त्यांना मी नको असेन तर नको,' त्यानं ठरवलं. 'बाबांचा दिवस बाबांच्या पद्धतीनं करीन. आपलं दार आपण लावून घेईन.'

मंगळवारी त्यानं फ्राऊ वीशर्टकडे अंघोळीचं गरम पाणी मागितलं.

"मंगळवारी?" ती घाबरलीच. "आजारी आहात का?" त्या घरात अंघोळ शनिवारी होई. पण कारण धर्माचं आहे म्हटल्यावर तिनं बंब पेटवून दिला. वर त्यानं बजावलं, की उद्या रात्रीपर्यंत माझं दार वाजवू नका, कुणी आलं तर वर येऊन सांगू नका, मी बोलणार नाही. फ्राऊ वीशर्टनं ते कागदावर लिहून घेतलं. दिलेला शब्द आणि लिहिलेला कागद यांपुढे ती कुणाला जुमानत नसे.

दुसरी अडचण कारखान्याची. बुधवारी एका मोठ्या पंपाचं धड ओतायचं होतं आणि त्याचा साचा रहमिमच्या हातचा. फोरमननं सुट्टी दिली, पण कुरकुरत. "ओतताना काही अडलं तर माणूस पाठवीन घरी," म्हणाला. "मग तुझा देव नि तू बघून घ्या."

सूर्य मावळला. रहमिमनं आईनं दिलेला पांढरा सदरा-लेंगा चढवला. मलमलीचा तो कपडा जर्मनीच्या सप्टेंबरात अंगाला काहीच वाटेना. त्यानं दाराची कडी लावली, किल्ली दोनदा फिरवली आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. इथून पुढं काय हे त्याला एकदम सुचेनासं झालं. घरी या वेळेला पडवीत पाय ठेवायला जागा नसे, कोण कुणाच्या शालीवर उभा राहिला म्हणून कुजबूज चाले, आणि वडील दटावत. इथं खाट, टेबल, कपाट आणि तो. त्यानं पोथी उघडली.

रात्र कशीबशी गेली. सकाळी पोटात कावळे ओरडायला लागले, मग थकून गप्प बसले. साडेदहाच्या सुमाराला जिन्यावर जड पावलं वाजली. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. फोरमनचा माणूस! रहमिमला कळायचं ते कळलं, साचा फसला. दारावर टकटक झाली.

"हेर त्सिराडकर?"

कारखान्याच्या कचेरीत त्याला असंच म्हणत, 'हेर' म्हणजे मिस्टर, आणि झिराडकरचं त्सिराडकर. त्यानं पोथीवरची नजर काढली नाही. उलट मन विचलित होऊ नये म्हणून आवाज चढवला आणि खणखणीत प्रार्थना म्हणू लागला. पुन्हा टकटक झाली, जरा हलकी. पुन्हा नाव. मग काही नाही. थोड्या वेळानं पावलं उतरून गेली. रहमिमला, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वाटला. बाबांनीही असंच केलं असतं.

चार वाजता तीच पावलं परत आली. या खेपेला त्याला राग आला. वर्षातला एक दिवस माणसाला मिळू नये? तो आणखी मोठ्यानं म्हणू लागला. उपासानं घसा सुकला होता, आवाज फाटत होता, तरी तो थांबला नाही. बाहेर एकदाच टकटक झाली आणि मग इतकी शांतता पसरली की तो माणूस कधी गेला हेही त्याला कळलं नाही.

उजेड कमी झाला. शेवटची प्रार्थना संपली. कद्दीशचं पान आलं तिथं त्यानं बोट ठेवलं, ओठ उघडले, आणि मिटले. एकट्यानं म्हणता येत नाही. देवाला फसवता येईल, पण दाविदमिस्त्रींना कसं फसवणार? त्यानं पान उलटलं. अकरा महिने संपले.

चांदणी दिसल्यावर त्यानं दार उघडलं. खाली फ्राऊ वीशर्टनं त्याच्यासाठी चहा ठेवला होता.

"कारखान्यातून कोण आलं होतं?" त्यानं पहिला घोट घेऊन विचारलं.

"कारखान्यातून? नाही हो. तो लंगडा घड्याळजी आला होता, दोनदा. मी म्हटलं, आज ते भेटणार नाहीत. तर म्हणतो, दार तरी बघून येतो. दुसऱ्यांदा तुमच्या दाराबाहेर पायरीवर पाव तास बसून होता. पाणी दिलं तर घेईना. चेहरा पांढराफटक पडला होता बिचाऱ्याचा."

रहमिमनं कप बाजूला ठेवला आणि मनातल्या मनात अंतर मोजलं.

बाजारपेठेतून इथवर यायला धडधाकट माणसाला पाऊण तास लागे. त्या दिवशी बसमध्ये बसायचं नसतं, म्हणजे काल्मानोविच चालत आला होता, चालत गेला होता, आणि पुन्हा चालत आला होता. अधू पायानं, पोटात पाण्याचा थेंब नसताना. कशासाठी, हे कळायला फार अक्कल नको होती. माणसं नऊ भरली होती.

बेने इस्राएलांत दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणतात. दारं उघडतात, एकमेकांकडे जातात, वर्षभराचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला म्हणतात. रहमिम कामावर जायच्या आधी घड्याळांच्या दुकानात गेला. दुकान नुकतंच उघडत होतं.

"तुम्ही आला होतात."

"हो. ग्लिक शिंपी सकाळी प्रार्थनेतच कोसळला, इस्पितळात नेला. नऊ राहिलो. तासभर वाद घातला आम्ही तुमच्यावरून. मग मी म्हटलं, जाऊन बघतो."

इथं रहमिमला सुटायला वाट होती. झोप लागली होती, म्हणता आलं असतं. ऐकू आलं नाही, म्हणता आलं असतं. काल्मानोविचनं कदाचित विश्वासही ठेवला असता. पण कालच दिवसभर क्षमा मागून झाली होती, आणि आज सकाळी पहिलंच वाक्य खोटं बोलायचं, हे त्याला जमलं नाही.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. कारखान्याचा माणूस वाटला. आमच्याकडे त्या दिवशी दार उघडत नाहीत, म्हणून नाही उघडलं." आणि मग, तुटक जर्मनमध्ये, त्यानं सगळं सांगून टाकलं. वडलांचे अकरा महिने, कालचा शेवटचा दिवस, गावातली पडवी, आणि दार कसं लावत ते.

काल्मानोविच ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "दार लावायचं कोण?"

"बाबा."

"कधी?"

"सगळे आले की. बाबा उंबऱ्यात उभे राहून मोजायचे. आजूबाजूच्या गावांतून लोक येत. एखादा उशीर करी, त्याच्यासाठी बाबा काळोख पडेपर्यंत थांबत. दहा भरले, की मग..."

लहानपणापासून त्यानं ते दार लागताना बघितलं होतं, आणि त्याआधीचं मोजणं त्याला नुसता वेळकाढूपणा वाटे. दार लावणं तेवढं त्यानं उचललं होतं. तो स्टुलावर बसला आणि त्या अनोळखी दुकानात, चार हजार मैलांवर मेलेल्या बापासाठी, वर्षभरात पहिल्यांदा हमसून हमसून रडला.

काल्मानोविचनं त्याला रडू दिलं. मग भिंग पुसत म्हणाला, "माझी बायको आणि दोन मुली. त्यांना कधी मारलं, मला तारीख माहीत नाही. मी हाच दिवस धरलाय त्यांच्यासाठी. काल माझंही राहिलं."

रहमिमनं वर बघितलं. त्याच्या दारामुळे फक्त त्याचा बाप कद्दीशाविना राहिला नव्हता.

"मला क्षमा करा," तो कसाबसा म्हणाला.

"कशी करू? अजून राग आहे मला." काल्मानोविच सरळ म्हणाला. "पण ऐका. तुम्ही आत मोठ्यानं म्हणत होता ना? पायरीवर बसून मी सगळं ऐकलं. एक शब्द चुकला नाही तुमचा. दहा महिने मी तुमच्याकडे कागद मागत होतो. या देशात, मी! ज्याच्या कागदावर 'ज्यू' असा शिक्का मारून लोकांनी छावणीत धाडलं, तो मी." त्यानं भिंग खाली ठेवलं. "शनिवारी या. नऊ वाजता. तुमच्या दाराआधी मी माझं लावलं होतं, तो दोष माझा."

शनिवारी रहमिम गेला. वडलांचे अकरा महिने संपले ते संपलेच. पहिलं वर्षश्राद्ध महिन्याभरानं आलं तेव्हा त्यानं एकदाचा कद्दीश म्हटला आणि बाकीच्या नऊ जणांनी आमेन म्हटलं. पण त्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती. ग्लिक शिंपी इस्पितळातून परत आला नाही. आता आल्टेनरोडेत दहा भरत ते रहमिमला धरून.

कुणी त्याला राहा म्हणालं नाही. काल्मानोविचनंही नाही. रहमिमची मुदत एकोणसाठच्या मार्चमध्ये संपत होती, मुंबईला नोकरी ठेवलेली होती, आईनं पेणची एक मुलगीही बघून ठेवली होती. त्यानं आईला लिहिलं, आणखी सहा महिने. मग आणखी सहा. पेणची मुलगी काही हातात हार घेऊन बसून राहणार नव्हती, तिचं लग्न झालं. श्रीपाद डिग्री घेऊन पुण्याला परतला. जाताना म्हणाला, "तुझं काय कळत नाही बाबा. नऊ म्हाताऱ्यांपायी जन्म घालवणार का इथं?" रहमिमनं त्याला स्टेशनवर पोचवलं आणि परत येऊन एकट्यापुरतं पिठलं केलं. ते जास्त झालं, म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच खाल्लं.

म्हाताऱ्यांशी त्याची काही मैत्री जमली अशातला भाग नाही. ते आपसात यिडिश बोलत, ती त्याला कळत नसे. प्रार्थना झाली की जो तो टोपी उचलून आपल्या घरी. कुणाला विचारलं तर 'आमचा इंडर' म्हणत, त्यात 'आमचा' एवढाच फरक पडला होता. पण शनिवारी नऊला तो जिना चढला नाही, तर ते पुस्तक मिटून परत जातील, हे त्याला माहीत होतं. एवढ्यावर माणूस सात वर्षं काढू शकतो. आनंदात काढतो असं मी म्हणत नाही.

मधल्या काळात घरचीही वीण उसवत गेली. एकसष्टला आई नि बहिणी इस्राएलला गेल्या. बहिणीचं पत्र आलं, की गावात आता आपलं एकही घर उरलं नाही, पडवीत कुणी भाताची पोती ठेवलीत. म्हणजे तिकडंही दहा राहिले नव्हते. परत जायचं म्हटलं तरी कुठं जायचं, हा प्रश्नच मिटला.

पासष्टच्या हिवाळ्यात काल्मानोविच अंथरुणाला खिळला. रहमिम कामावरून सुटला की तिकडं जाई, सूप पाजी, पन्नास घड्याळांना किल्ल्या देई. बोलणं फारसं नसेच. एकदा म्हातारा म्हणाला, "मी गेलो की नऊ. सुटलात तुम्ही."

"तुमच्यामागे कोण म्हणणार?" रहमिमनं विचारलं.

"कुणी नाही. म्हणायला मुलं लागतात. त्या दिवसाबद्दल," म्हातारा म्हणाला, "मी तुम्हाला क्षमा केली होती. सांगायचं राहिलं."

"कधी केलीत?"

"तुमची मुदत सरली तरी तुम्ही गेला नाहीत तेव्हा."

फेब्रुवारीत तो गेला. जमिनीवर गोठलेलं बर्फ होतं, कुदळ लागत नव्हती. पुढच्या शनिवारी माडीवर नऊ जण जमले, अर्धा तास बसले, आणि घरी गेले. त्यानंतर कुणी जमलं नाही. चपलांच्या दुकानदारानं माडी कोठारासाठी घेतली.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी रहमिमनं दुपारची पाळी बदलून घेतली, पिशवीत शाल आणि पोथी घातली आणि हानोवरची गाडी पकडली. तिथल्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात माणसांची वाण नव्हती. नवी देवळासारखी स्वच्छ इमारत, तीस-चाळीस लोक. दाराशी एक चष्मेवाला गृहस्थ वही घेऊन उभा होता. कद्दीश म्हणणाऱ्यांची नावं तो टिपून घेत होता.

"कुणासाठी?"

"लाइब काल्मानोविच. आल्टेनरोडे."

त्यानं नाव लिहिलं, मग वर बघितलं. समोर काळासावळा, चाळिशीला टेकलेला, हातांना लाकूडकामाचे घट्टे पडलेला माणूस. "किती दिवस म्हणणार? एकदाच?"

"अकरा महिने. दर शुक्रवारी येईन, शनिवारी रात्री परत जाईन."

"अकरा महिने फक्त मुलगा म्हणतो," चष्मेवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमचे ते कोण?"

आत प्रार्थना सुरू व्हायच्या बेतात होती. लोक बाकांवरून उभे राहत होते, शाली सावरत होते, आणि त्यांतल्या एकालाही रहमिम ओळखत नव्हता.

"वडील," रहमिम म्हणाला.